विम्याचं गणित आणि ओलं बारदान

अण्णा, माझ्या विषयाचं नाव तुम्हाला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. ॲक्चुअरियल सायन्स म्हणायला गेलात की मध्येच जीभ अडकायची. मग हात झटकून तुम्ही म्हणायचात, "ते जाऊ द्या, विम्याचं गणित!" आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी विम्याची एजंट होणार. जालन्यात मस्तगडातल्या आपल्या गल्लीत अर्धे लोक मला पाहून पलीकडच्या बाजूने जायला लागले होते, उगाच पॉलिसी गळ्यात मारेल म्हणून. मी फणकारायचे, तुम्हाला मात्र त्याची भारी गंमत. आता हाच विषय मी विद्यापीठात शिकवते. पहिल्या तासाला फळ्यावर त्याचं नाव लिहिलं की तुमचा तो झटकलेला हात दिसतो आणि मुलांना पाठमोरी असले तरी मी हसते.

खरं तर मी हा विषय शिकायला घराबाहेर पडले त्याच्या किती तरी आधी तो आपल्या मोरीत उभा होता. तुम्ही बियाण्याच्या दुकानात नोकरीला. पेरणीचे दिवस जवळ आले की धावड्याकडचे, म्हणजे आपल्याच गावाकडचे लोक घरचं बी फडक्यात बांधून आणायचे आणि म्हणायचे, जरा उगवण बघून द्या. हे काम दुकानात करायची सोय नव्हती. लोकांनी घरचंच पेरलं तर दुकानातलं कोण घेणार, असं शेठ म्हणाले असते, आणि त्यांचंही काही चुकीचं नव्हतं. म्हणून तुम्ही सगळं घरी आणायचात. ओलं बारदान जमिनीवर अंथरायचं, त्यावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सुतळी बांधायची आणि मोरीत भिंतीला टेकवून ठेवायची. आई वैतागून म्हणायची, "आंघोळीला जागा ठेवा, का मलाबी गुंडाळून कोपऱ्यात उभं करता?" आणि तुम्ही शांतपणे गुंडाळ्यांवर पाणी शिंपडत राहायचात. चार-पाच दिवसांनी गुंडाळी उलगडली की पांढरे कोंब मोजायचं काम माझं. ओल्या तागाचा तो कुबट, गोडसर वास मला अजून अभ्यासाचा वास वाटतो. शंभरातले किती उगवले ते कळलं की तुम्ही शेतकऱ्याला सांगायचात, बिनधास्त पेर, किंवा थोडं दाट पेर, किंवा हे खाऊन टाक आणि दुसरं घे.

औरंगाबादला संख्याशास्त्रात पदवी झाली आणि मुंबईला विद्यापीठात ह्या विषयाला प्रवेश मिळाला, तेव्हा घरात दोन तट पडले. आईचं म्हणणं सरळ होतं, "माणसं कवा मरत्यात ह्याचं कसलं शिक्षण? चांगल्या घरचं कुणी असलं शिकतं का?" तुम्ही तिच्याशी वाद घातला नाहीत. बाजारात गेलात आणि माझ्यासाठी कॅल्क्युलेटर घेऊन आलात. आणलात तो आणलात, पण मला द्यायच्या आधी दोन दिवस स्वतःच वापरलात, उगवणीचे टक्के काढायला. शंभर दाण्यांचे टक्के काढायला कॅल्क्युलेटर! मी हसून लोटपोट झाले तर म्हणालात, "हसती काय? बराबर चालतो का न्हाई ते बघून राह्यलो." निघायच्या दिवशी स्टँडवर तो रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलात आणि लगेच दुसरीकडे बघायला लागलात. मला रडू येत होतं आणि बस हलेपर्यंत तुम्ही कंडक्टरशी हवापाण्याच्या गप्पा मारत होतात.

आमच्या विषयाच्या मुळाशी एक तक्ता असतो, जीवन-तक्ता. एका वेळी जन्मलेली लाखभर माणसं कल्पायची आणि वयाच्या एकेका ओळीला त्यांतली किती उरतात ते मांडत जायचं. पहिल्या वर्षी दिवाळीला मी तो तक्ता असलेलं पुस्तक घेऊन घरी आले आणि मूर्खासारखं ते बाहेरच्या खोलीत ठेवलं. धावड्याची आत्या आली होती. तिने विचारलं, ह्यात काय आहे? मी करंजी खाता खाता सांगितलं, कितव्या वर्षी किती माणसं मरतात ते आहे. बस्स. आत्या गावी पोचली, आणि तिच्याबरोबर ही बातमीही पोचली की जालन्याची पोरगी पुस्तकात बघून मरायचं साल सांगते. त्या सुट्टीत आपल्याकडे जी रीघ लागली, ती आठवली की मला आता हसू येतं. तेव्हा डोकं फिरायची पाळी आली होती. कुणी कापूस विकायला आलेला, कुणी दवाखान्यात, वाटेत आपलं घर. एका म्हाताऱ्या बाबांनी माझ्यापुढे तळहात पसरला. एक जण पत्रिका घेऊन आला. एका बाईने इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "माझं ऱ्हाऊ दे, सासूचं तेवढं बघ माय."

मी ताडकन उठले आणि म्हणाले, मी काही ज्योतिषी नाही. तुम्ही कामावरून नुकतेच आला होतात, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. माझ्याकडे बघून म्हणालात, "न्हाई तर न्हाई. चहा ठिवला का?"

"न्हाई."

"मंग आधी चहा ठेव. लांबून आल्ते लोकं. गणित मागून सांग."

एवढंच तुमचं रागावणं. मी पाय आपटत आत गेले, चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत माझी नजर मोरीतल्या गुंडाळ्यांवर गेली. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस होते, दोन-तीन उभ्याच होत्या. कप वाटून झाल्यावर मी एक गुंडाळी बाहेर आणून सगळ्यांसमोर उलगडली. अजून कोंब फुटायचे होते, दाणे नुसते फुगले होते. मी बाबांना म्हणाले, ह्यातला कोणता उगवेल, सांगा. बाबा वाकून बघत राहिले. "ते कसं सांगावं? समदे सारखेच दिसून राह्यले."

"पण शंभरात किती उगवतील, ते आमचे अण्णा सांगतात ना?"

"ते सांगत्यात. बिलकुल बराबर."

"मंग मीबी तेवढंच शिकून राह्यले, बाबा. शंभर माणसांचं. एकाचं न्हाई."

बाबांनी तळहात मागे घेतला, कप उचलला आणि समाधानाने चहा प्यायला लागले. सासूवाली बाई तेवढी हिरमुसली. आणि तुम्ही! तुम्ही दारात उभे होतात, चपला अजून पायातच, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी नंतर कोणत्याही परीक्षेच्या निकालाने कुणाच्या चेहऱ्यावर आणू शकले नाही. त्या दिवसापासून तुम्ही विम्याचं गणित म्हणायचं सोडलंत. कुणी विचारलं की छाती काढून सांगायला लागलात, "आमची पोरगी माणसांची उगवण काढती." माझे प्राध्यापक सेमिनारमध्ये पाऊण तास घेऊन ह्याहून फार वेगळं सांगत नसत.

दुसऱ्या वर्षी संक्रांत झाल्यावर तुमच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी हॉस्टेलवर फोन केला. मी पोचले तेव्हा तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं होतं आणि डॉक्टरांनी जिना चढू नका, ओझं उचलू नका, बोलणंही कमी करा, असं सांगितलं होतं. शेवटचं सोडून बाकी सगळं तुम्ही पाळत होतात. दुपारची वेळ आहे. आई औषधं आणायला गेली आहे. तुम्ही खिडकीजवळच्या खाटेवर आहात, मी खाली बसून तुमच्यासाठी संत्रं सोलते आहे. बाहेर भंगारवाला ओरडत चाललाय. तुम्ही एकदम म्हणता, "माझं काढ."

मला कळलं होतं तरी मी विचारते, "काय काढू?"

"पुस्तक आणलं असंल ना संगं? बघ की."

"अण्णा, एकट्याचं न्हाई निघत. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक हाये. मंग माझ्यासारखे शंभर घे."

पुस्तक बॅगेत होतंच, पण उघडायची गरज नव्हती. तुमच्या वयाची ओळ मला पाठ होती. फोन आल्यापासून प्रवासभर मी दुसरं केलं काय होतं? मी म्हणते, शंभरातले जवळजवळ सगळे पुढच्या वर्षी असतात, अण्णा. फार थोडे जातात. तुम्ही संत्र्याची फोड हातात घेऊन तशीच धरून ठेवता.

"ते चांगल्या बियाचं झालं. कीड लागलेल्याचं येगळं असंल ना?"

असतं, अण्णा. वेगळं असतं. आम्हाला त्यावर आख्खा पेपर होता. मी मान हलवली की नाही हे आता आठवत नाही. डोळ्यांत पाणी होतं आणि हाताला संत्र्याचा रस लागलेला, त्यामुळे पुसताही येईना. तुम्ही खाटेवरून वाकून तुमच्या धोतराच्या सोग्याने माझे डोळे पुसलेत, लहानपणी पुसायचात तसे, जरा जोरातच. आणि म्हणालात, "ऱ्हाऊ दे. आकडा नको सांगू. तू मला आपलं उगवणाऱ्यांत धर."

मी म्हणाले, "धरलं."

"बस. झालं मंग." आणि तुम्ही ती फोड तोंडात टाकून म्हणालात, आंबट आहे.

तुम्ही मृगाच्या तोंडावर गेलात. मी परीक्षा अर्धी सोडून आले. ओझं उचलू नका म्हटलं होतं, पण बारदानाच्या गुंडाळ्यांना ओझं कोण म्हणतं? त्या मोरीत उभ्याच होत्या. त्या दिवसांत त्यांच्याकडे कुणाचं लक्ष असणार? पाणी मात्र आई न चुकता शिंपडत होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं. तुमचे दिवस झाल्यावर एक शेतकरी दाराशी आला आणि टोपी हातात घेऊन घुटमळत उभा राहिला. विचारावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. त्याच्या ज्वारीची गुंडाळी मोरीत होती. मी त्याला बसवलं, आधी चहा ठेवला, मग गुंडाळी उलगडली. दिवस उलटून गेल्यामुळे कोंब लांब होऊन तागाच्या विणीतून आरपार गेले होते, पांढरीशुभ्र मुळं एकमेकांत गुंतली होती. सोडवून मोजायला वेळ लागला. मध्येच काही दाणे तसेच होते, काळपट, मऊ पडलेले, शेजारच्या उगवलेल्या दाण्यांना चिकटून. मी ते बाजूला काढले. काढता काढता माझा हात थांबला, आणि तो शेतकरी भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "पेरू का ताई?" मी तुमच्यासारखीच म्हणाले, "बिनधास्त पेरा." तो गेल्यावर मी मोरीत बसून मनसोक्त रडले. तिथेच रडता आलं, कारण घरभर पाहुणे होते.

राहिलेले पेपर मी पुढच्या वेळी दिले आणि पास झाले. पुढचं सगळं तुमच्याशिवाय झालं, अण्णा. नोकरी, लग्न, मग शिकवणं. आई माझ्याकडे असते. ह्या शिक्षणाबद्दल तिचं मत अजून फारसं बदललेलं नाही, पण माझ्या विद्यार्थ्यांना ती लाडू पाठवते. तुमचा कॅल्क्युलेटर बंद पडला आहे, माझ्या टेबलाच्या खणात आहे. आणि दर वर्षी नवी मुलं येतात, दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, ह्यावरून आपलं स्वतःचं काढता येतं का?" मी सांगते, नाही. हा तक्ता कुणा एकाला ओळखत नाही. मग त्यांना बारदानाची गोष्ट सांगते. शहरातल्या मुलांना बारदान म्हणजे काय हेच आधी सांगावं लागतं.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, आणि हा कागद कुठे जायचा नाही म्हणूनच इथे लिहिते आहे. फळ्यावर तक्ता मांडताना मी वरून एकेक ओळ खाली उतरत जाते. मुलांना बजावते की उरलेल्यांच्या ह्या रकान्यातून जो एकदा गळला तो पुढच्या कोणत्याच ओळीत येत नाही, हा सगळ्या विषयाचा पाया आहे, इथे चुकलात तर पुढचं सगळं चुकेल. त्या उन्हाळ्यातल्या तुमच्या वयाची ओळ येते. मी ती लिहिते आणि खाली जाते. साठीची ओळ येते, मी खाली जाते. ह्या वर्षी तुम्ही सत्तरीच्या ओळीला आला असतात. तिथे खडू जरासा थांबला. मुलांना वाटलं, मॅडम आकडा आठवत असतील. मी उरलेल्यांचा आकडा लिहिला, आणि अण्णा, त्यांत तुम्हाला धरलं.