म्हात्रेंचं लाल कुलूप

गुरुवार, संध्याकाळ. ठाकुर्ली

आम्हा आयटीआयच्या शिक्षकांना पंधरा दिवस कारखान्यात काम शिकायला पाठवलंय, त्यातला आज चौथा. वीसेक वर्षं मी वायरिंग शिकवतोय, आणि आज तिथले जुने वायरमन म्हात्रे यांनी मला हात धरून पॅनेलपासून मागे ओढलं.

"सर, कुलूप कुठाय तुमचं?"

"मेन बंद केलाय. ओरडून सांगितलंय सगळ्यांना."

"ह्या आवाजात? इथे भोंगा ऐकू येत नाही, तुमचं काय घेऊन बसलात."

मग त्यांनी बंद मेनला स्वतःचं लाल कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. आपला हात आत असेपर्यंत दुसरं कोणी मेन चालू करूच शकत नाही. इतकं साधं.

मी मुलांना काय शिकवलं? मेन बंद करा, ओरडून सांगा. एवढंच.

शहाडचा प्रकाश माझाच विद्यार्थी. कामावर त्याचा हात आत असताना कोणीतरी मेन चालू केला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. हॉस्पिटलमध्ये मी त्यालाच विचारलं होतं, लक्ष कुठे होतं तुझं?

"मेन बंद केलेला सर. ओरडलेलो पण."

तेव्हा मला ती सबब वाटली.

ते लाल कुलूप डोळ्यांसमोरून जात नाही. वर्गात नेईनच, पण आधी...

आत्ता प्रकाशला फोन केला. म्हटलं, तुझी चूक नव्हती रे, मी शिकवलंच तसं.

"सर, मी पण माझ्या हाताखालच्यांना अजून तेच सांगतो," म्हणाला. "ते कुलूप कसं असतं, नीट सांगा."