एवारिस्तोचा अंगठा

एवारिस्तो बाळा, तुला आणि नात ओलायाला आईचा मुका.

इथे तुझ्या बहिणीकडे टेकडीवर सगळ्यांत आधी धापा टाकत आली ती रेडिओ क्लबची जाडी ओतिलिया, मग तारा-काठ्या घेऊन बाकीचे. मी त्यांना केळी तळून घातली, म्हणून तर त्यांनी तुला रेडिओवर हुडकलं!

"आई, मजेत राहा, ओव्हर," म्हणालास, पण अंगठा बोलायच्या बटणावरच राहिला रे. पुढचंही सगळ्यांनी ऐकलं. ओलाया विचारत होती, "आजी घरी कधी येणार?"

"कशाला? तिची खाटसुद्धा देऊन टाकली," तू म्हणालास.

ओतिलिया उगाच तारा गुंडाळत बसली.

खाट दिलीस ते बरंच, फार कुरकुरायची. पोरीचा आवाज किती गोड झालाय!

पुढच्या खेपेला बोलू नकोस हवं तर, नुसतं बटण दाबून ठेव. क्लबवाले सान हुआनच्या सणाच्या दिवशी सकाळी परत येणार आहेत.

तुझी आई,
सेनोबिया