उलट्या पाळीचा पिस्टन

वर्दियान, अलेक्झांड्रिया
रविवार, १४ नोव्हेंबर

प्रिय इन्शिराहताई,

अल्लाह तुला आणि तुझ्या उंबऱ्याला सुखात ठेवो. आम्ही बरे आहोत. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून तुमच्या तांता शहराकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरबरोबर हा कागद पाठवतोय.

गुरुवारच्या तुझ्या निकाहासाठी माझा कोट धुऊन आला. रतीबा म्हणते, पोट आत ओढून उभा राहिलास तरच बटण लागेल. हाज महरूस भला माणूस आहे, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

कामही बरं चाललंय. रिमोटवर विमानं उडवणारे शौकीन अजून येतात. परदेशी सुटे भाग त्यांना परवडत नाहीत, मग मुठीएवढ्या इंजिनांचे पिस्टन माझ्या लेथवर कातून घेतात. बहगतदाजी होते तेव्हा सगळ्यात जास्त काम त्यांचंच असायचं.

त्यांचं नाव काढायचं नव्हतं. आता काढलंच आहे, तर ऐक.

मंगळवारी मरियूत तलावावरचे शलबीकाका मासे विकून जाताना दुकानात शिरले. फडक्यात पंख्यासकट एक इंजिन होतं. वेताच्या बेटात सापडलं, म्हणाले, नवा पिस्टन घालून दे, कोणीतरी घेईल. मी लगेच ओळखलं. त्याचं सिलिंडर मीच कातलंय, तळाशी माझी फुली आहे. दाजींचं विमान ताब्याबाहेर जाऊन त्या बेटात पडलं आणि ते होडी घेऊन शोधायला गेले, तेव्हा त्यात हेच इंजिन होतं. आपल्याला होडी सापडली, तेवढीच. पुढे कोर्टाने त्यांना मृत ठरवलं आणि आपण ते मानलं.

ताई, खाऱ्या पाण्यात इतकी वर्षं पडलेल्या लोखंडाचा भुगा व्हायला हवा होता. हे उघडलं तर आत इंधनातल्या एरंडेलाचा ताजा वास. सिलिंडर रोज चालवल्यासारखं झिजलेलं. आणि पिस्टन माझा नव्हता. कुणीतरी अ‍ॅल्युमिनियम वितळवून, कानशीने घासून केलेला, डोक्यावरची पाळ, ती इंधन वळवणारी उभी कड, उलट्या बाजूला.

त्या पाळीवरून मी दाजींशी किती वाद घालायचो. ती इंधन आत येतं त्या बाजूला हवी, नाहीतर निम्मं न जळताच बाहेर जातं आणि इंजिन आचके देतं. ते दर वेळी उलटी बसवायचे. म्हणायचे, "वग्दी, तो आचक्यांचा आवाज मला आवडतो. माझं विमान कुठे आहे ते न बघता कळतं." दुसरा कुणी शौकीन असं मुद्दाम करणार नाही.

मी शलबीकाकांना विचारलं, तिकडे कुणी राहतं का. त्यांनी चहा ढवळला. मग म्हणाले, "राहत कुणी नाही. दिवस कलला की आवाज घिरट्या घालतो. आम्ही वर बघत नाही, बाबा. बघितलं की आकाश रिकामं असतं, आणि आवाज चालूच राहतो."

मी हसलो, पण बळेच.

नवा पिस्टन कातला, पाळ योग्य बाजूला बसवली, दुकानाला कुलूप घातलं. सकाळी चालवून बघितलं तर आचके. उघडलं, पाळ उलटी. पुन्हा सरळ केली. तेव्हापासून रोज हेच चाललंय, आणि रोज सकाळी इंजिन हाताला कोमट लागतं. मला भीती वाटते, ताई. दुकान उघडताना मी आता शेजाऱ्याला सोबत घेतो.

गुरुवारी निकाह लावताना पांढऱ्या रुमालाखाली हाज महरूसच्या हातात हात देऊन मला म्हणायचंय की माझी बहीण मोकळी आहे, तुम्हाला दिली. वडील नाहीत, तेव्हा हे मीच बोलायचं. कोर्टाचा कागद पुन्हा वाचला. जीभ काही वळत नाही.

इतकी वर्षं तू एकटी जेवलीस. तुझं होणारं घर मला मोडायचं नाही. इंजिन भट्टीत टाकून गप्प बसायचं ठरवलं होतं. भट्टी पेटवली, ते उचललं, आणि माझ्या हातात त्याचा पंखा आपोआप एक वेढा फिरला. मी ते खाली ठेवलं.

उद्या शलबीकाकांच्या होडीतून मी बेटात जातोय. दाजी जिवंत असोत वा नसोत, इंजिन त्यांना परत देईन आणि तलाकचा शब्द मागून घेईन. तो कानाने ऐकल्याशिवाय मी रुमालाखाली हात घालणार नाही. बुधवारपर्यंत आलो नाही तर हाज महरूसना थांबायला सांग, आणि मला शोधायला कुणालाही पाठवू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
आणि अजून तरी बहगतदाजींचा मेहुणा,
वग्दी