बिननावाचा फिशपाँड

नागपूर,
३ डिसेंबर २००४

प्रिय खुशाल,

सप्रेम जयभीम.

तू सिरोंच्याला सुखरूप पोचला असशील. आलापल्लीच्या पुढे एस.टी. माणसाची हाडं कशी मोजते हे मी ऐकून आहे, आणि तू तर परवा जेवणही न करता निघालास. वहिनींना नमस्कार सांग. इकडे आमचं बरं चाललं आहे. माझी शुगर वाढली म्हणून घरात माझा भात बंद झाला आहे. आपल्या धानाच्या मुलखातल्या माणसाचा भात बंद करणं ही केवढी शिक्षा आहे ते तुला सांगायला नको.

तुझा पत्ता लच्छूच्या वहीतून उतरवून घेतला. संमेलन त्यानं झकास केलं, नाही का? एकोणतीस वर्षांनी पंचेचाळीस जण जमवणं सोपं नाही. कॉलेजचं ते जुनं सभागृह तेवढं लहान झाल्यासारखं वाटलं. आपल्या होस्टेलच्या जागी सायकल स्टँड आहे, मागची पाण्याची टाकी मात्र तशीच उभी आहे. मी जाऊन पाहून आलो. तू गेला होतास की नाही, माहीत नाही.

लच्छूचं एक सांगतो. सकाळी छातीवर लावायचे बिल्ले तोच लिहीत बसला होता. तुझा बिल्ला हातात घेऊन माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "अबे शेंडे, या काऊनचं खरं नाव काय बे?" मी सांगितलं. त्यानं लिहिलं. पुढे ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा तू खुर्चीतूनच हात हलवून माईक नको म्हणालास, तर हाच पठ्ठ्या स्टेजवरून ओरडला, "अरे काऊन, ये ना! लाजून राह्यला का?" सगळे हसले. लच्छूच्या मनात काही वाईट नव्हतं रे. त्याला ते तुझं लाडाचं नाव वाटतं.

मीही हसलो. तुला दिसलं असेल.

थंडी यंदा लवकर पडली आहे. तुमच्याकडे गोदावरीच्या काठाला

५ डिसेंबर

पत्र तिथेच दोन दिवस अडकलं. आज रविवार, वरचं सगळं वाचून पाहिलं. शुगर, भात, बिल्ले, थंडी. मराठीचा मास्तर मी, पोरांच्या निबंधावर लाल पेनानं 'विषयाला धरून लिहा' असं लिहीत आलो. आता माझ्याच पत्रावर ते लिहायची पाळी आली आहे.

खुशाल, पंचाहत्तरच्या जानेवारीत गॅदरिंगला तुझ्यावर जो फिशपाँड वाचला गेला, तो मी लिहिला होता. तुला आजवर वाटत आलं तसा जुबेरनं नाही.

लिहिलं एकदाचं. पेन खाली ठेवून पाणी पिऊन आलो.

ते दोन चरण मला पाठ आहेत, तुलाही असतील.

टाकीमागं घोकून घोकून जीभ आली सुजून,
तरी माईकपुढं विचारतो, 'सर, हे असं काऊन?'

डावा हात वापरून लिहिले, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. दुपारी मेसमध्ये कुणी नसताना डब्यात टाकले. आता आमच्या कॉलेजात मी फिशपाँड होऊ देत नाही. बिननावाची चिठ्ठी डब्यात टाकायची, ती स्टेजवरून मोठ्यानं वाचायची आणि ज्याच्यावर आहे त्यानं वर येऊन हसत हसत घ्यायची, ही कसली करमणूक, असं मीटिंगमध्ये मी तावातावानं बोलतो. पोरं मला खडूस म्हणतात. त्यांना काय ठाऊक, सरांना कशाची भीती वाटते.

का लिहिला, हे तुला विचारायचा हक्क आहे. कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की गंमत केली, गॅदरिंगमध्ये सगळेच करतात. हे खोटं आहे. खरं असं आहे की त्याच्या आठ दिवस आधी, नागपूरच्या वक्तृत्व स्पर्धेला कुणी जायचं त्याची निवड झाली, तेव्हा तू मोहफुलं वेचणाऱ्या तुझ्या मायवर बोललास. पहाटे टोपली घेऊन निघालेली माय, तिच्या पायातले काटे, आणि शेवटी तू थांबून विचारलंस, "अख्खं रान वेचते तरी ते उपाशी, हे असं काऊन?" टाकीमागे, कुणाला कळू न देता, मी तुझ्याकडून शंभर वेळा 'का' घोटून घेतला होता. मला, तुला, त्याला, का, कुठे. आणि ऐन वेळी तुझ्या तोंडून काऊनच निघालं. मी हसू येईल म्हणून वाट पाहत होतो. कुणी हसलं नाही. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

सर निकाल सांगताना म्हणाले, भाषा काय, सुधारेल, पण हे पोटातून येतं ते शिकवता येत नाही. पहिला खुशाल गेडाम. राखीव, पी. एम. शेंडे.

माझं भाषण बिनचूक होतं. एकही 'मले' नाही, एकही 'नाई' नाही. दोन वर्षं खपून मी जीभ धुऊन काढली होती. तुझं गाव आणि माझं गाव यांच्यात एक नाला, घरी दोघांची बोली एकच. मी ती टाकली आणि राखीव झालो. तुला ती टाकता आली नाही आणि तू पहिला. याचा मला राग आला, खुशाल. तुझा राग आला. म्हणून ज्या शब्दावर सभागृह गप्प झालं होतं, त्याच शब्दावर ते हसेल असं मी केलं. आणि ते हसलं. अजून हसतं आहे, परवा पाहिलंस ना.

तू वर गेलास, चिठ्ठी घेतलीस, घडी करून खिशात ठेवलीस. दुसऱ्या दिवशी सरांना जाऊन सांगितलंस की नागपूरला जाणार नाही. तेव्हापासून तू माईकला हात लावला नाहीस हे मला परवा कळलं. एवढं होईल असं वाटलं नव्हतं, असं लिहायला मोह होतो आहे. पण दोन दिवस तरी तू बोलू नयेस एवढं नक्की वाटलं होतं, आणि स्पर्धा तिसऱ्या दिवशी होती.

आता शर्टाचं. जुबेरच्या मामूनं, तुला आठवत असेल, तुझ्यासाठी तो आकाशी शर्ट शिवला होता. जुबेरनंच गळ घातली होती, माझा दोस्त नागपूरला बोलणार आहे, त्याला घडीचा शर्ट पाहिजे म्हणून. फिशपाँडनंतर तू तो माझ्या खाटेवर टाकलास. "हा त्याले परत दे," म्हणालास. मी दिला नाही. नागपूरला तुझ्या जागी मी तोच घालून गेलो. बाह्या लांब होत्या म्हणून दुमडल्या. परवा भिंतीवर जुने फोटो लावले होते, त्यात स्पर्धेचा कप घेतलेला माझा फोटो होता. तू त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतास. मी चहाचा कप घेऊन तुझ्या मागे उभा होतो. फोटो काळापांढरा आहे, रंग कळत नाही, असा विचार करून मी स्वतःला धीर देत होतो. पन्नाशीचा माणूस, दोन लेकरांचा बाप. त्या बाह्या तू ओळखल्यास का रे?

तो कप माझ्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात आहे. पाहुणे आले की बायको दाखवते.

आणि मग जुबेर आला. दाढी पांढरी झाली आहे, गुडघे दुखतात, तरी वरोऱ्याहून तुझ्यासाठीच आला होता तो. रुखसारच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या निकाहचं कार्ड घेऊन तो तुझ्यापुढे उभा राहिला. "खुशालभाऊ, पोरीचं लगन आहे, आता तरी ये," म्हणाला. तू म्हणालास, "तुह्या घरचं आवतन मले नको." कार्ड खुर्चीवर ठेवलंस आणि थैली उचलून निघालास. मी तुझ्यापासून दोन खुर्च्यांवर बसलो होतो. उठून एक वाक्य बोललो असतो तर पुरत होतं. पंचेचाळीस जण होते, लच्छूच्या हातात माईक होता. मी उठलो आणि चहावाल्याला हाक मारली.

तू गेल्यावर जुबेर माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "टाकीवालं त्यानं दोघालेच सांगतलं होतं. मी त नव्हतो बे, शेंडे."

मी म्हटलं, "तुले कधीपासून माहीत आहे?" बघ, माझ्या तोंडून 'तुले' निघालं.

"त्याच दिवसापासून. याच्यात काय हिसाब लावाचा होता?"

"मंग सांगतलं काऊन नाई त्याले?"

जुबेर गुडघा चोळत म्हणाला, "त्याले रोज तुह्याच खोलीत झोपाचं होतं. परीक्षा डोक्यावर. मी सांगतलं असतं त त्यानं कुठी जाव? माहं घर गावात होतं, मामू होता, मले चार दोस्त होते. त्याले तूच एक होता." मग हसला आणि म्हणाला, "वाटलं, तू सांगशीलच आज नाई त उद्या. लईच उशीर केला यार तू."

एवढंच. एक शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर मला जेवण गेलं असतं.

खुशाल, एक गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. जुबेरलाही ती माहीत नाही. तुला माहीत आहे, पण तुला ती गुन्हा म्हणून माहीत नाही.

गॅदरिंगच्या संध्याकाळी तू खोलीत आलास, ती चिठ्ठी कंदिलाजवळ धरून पुन्हा वाचलीस. मग म्हणालास, "टाकीचं दोघालेच माहीत होतं. तू त मले शिकवून राह्यला, तू कसा लिहिशील?" तू माझ्याकडे पाहत होतास. मला नुसतं गप्प बसता आलं असतं. ते पाप तरी निम्मं झालं असतं. मी म्हणालो, "जुबेरची मस्करी करायची सवय तुला माहीतच आहे."

शुद्ध मराठीत म्हणालो. 'तुले' नाही, 'तुला'. एक अक्षर चुकलं नाही.

या एका वाक्यानं तुझा दोस्त गेला. दुसऱ्या दिवशी तू मामूच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर जुबेरला काय काय बोललास ते मला नंतर कळलं. तो मान खाली घालून ऐकत होता म्हणे. मी फिशपाँड लिहिला त्याची लाज मला वाटतेच, पण या वाक्याची जी लाज वाटते ती मी कुणाला सांगू शकलेलो नाही. बायकोलाही नाही. माझी माय बायनाबाई, तिच्या हातचा भात-आंबील तू आमच्या घरी पोटभर खाल्लास, ती जाईपर्यंत दर दिवाळीला विचारायची, "तो खुशाल काऊन येत नाई रे आता?" मी म्हणायचो, नोकरी लांब आहे त्याची. खरं म्हणजे कॉलेज सुटल्यावर मीच तुला कधी बोलावलं नाही. तू समोर बसलास की मला ते वाक्य ऐकू यायचं. तिच्यापुढेही मी खोटं बोललो, आणि तिच्या 'काऊन'ला मला कधी उत्तर देता आलं नाही.

तुझ्याकडे माफी मागत नाही. तेवढं तोंड मला नाही. एकच मागतो. तू खुर्चीवर ठेवलेलं कार्ड मी उचललं होतं, ते या पाकिटात आहे. रुखसारचा निकाह १९ डिसेंबरला वरोऱ्याला आहे, रविवार आहे. तुझ्याकडे टपाल आठ दिवस घेतं, म्हणून हे उद्याच रजिस्टरनं टाकतो. तू जा. माझ्यावर राग धर, जन्मभर धर, पण त्याच्यावरचा आता सोड. त्याचा तो कधी नव्हताच. हे पत्र सोबत ने आणि त्याला वाचून दाखव, म्हणजे त्या संध्याकाळचं माझं वाक्यही त्याला कळेल. मला तिथे बोलावणं आहे, पण मी येणार नाही. तुम्ही दोघं समोरासमोर बसाल तेव्हा मध्ये मी नसावा. कधी नव्हे ते.

तो आकाशी शर्ट पार विरला, पण मायनं त्याची घडी करून पेटीत ठेवली होती, पोराचा बक्षिसाचा शर्ट म्हणून. वेगळं पार्सल करून जुबेरला पाठवतो आहे. तू मला 'परत दे' म्हणाला होतास.

डाव्या हातानं लिहिलेल्या त्या चिठ्ठीखाली नाव नव्हतं. हे उजव्या हातानं लिहिलं आहे. आणि कॉलेजात बापाचं नाव गावंढळ वाटायचं म्हणून मी ज्या एका अक्षरात त्याला लपवला, तेही आज पूर्ण लिहितो.

आता आपल्या बोलीत सांगतो. मी लिहिलो होतो, खुशाल. मीच.

प्रफुल मुखरू शेंडे
मूळ तालुका कुरखेडा