मानेखालचा हात

४ एप्रिल
लागली एकदाची नोकरी! पोहण्याच्या तलावावर, शिकवायची. राहायला दादा-वहिनीकडे, तलावापासून हाकेच्या अंतरावर. वहिनीने खोली आवरून ठेवली होती. भाचीने, चिऊने, आल्या आल्या माझी शिट्टी पळवली आणि दिवसभर घर डोक्यावर घेतलं. तलाव झकास आहे. निळ्या फरशा, तळ लख्ख दिसतो. आधी शिकवणाऱ्या बाई, ज्यांना सगळे ताई म्हणतात, आता नुसत्या फाटकावर बसतात. पाण्यात पायसुद्धा घालत नाहीत.

९ एप्रिल
ताई माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघतात. मी त्यांची जागा घेतली, ते खुपत असणार. आज एका मुलीला तरंगायला शिकवत होते, मानेखाली हात धरून. तिने डोळे मिटून अंग सैल सोडलं. आणि मनात आलं, हाच हात कपाळावर ठेवून दाबला तर? शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढलं. उन्हाने डोकं फिरलं असेल.

१२ एप्रिल
आज ऊन नव्हतं. तरी तेच. तळहात आपोआप वळला. ताई रोज चहा देतात, त्यात काही घालतात का? त्यांच्या नकळत कप मोरीत ओतला. संध्याकाळीही हात वळवळत होता.

१३ एप्रिल
ताईंना तोंडावर विचारलं. रागावल्या नाहीत. त्यांनाही तसंच व्हायचं, म्हणूनच पाण्यात उतरणं सोडलं. पाण्याला दोष देऊ नकोस, मलाही नको, म्हणाल्या. मग माझं मनगट धरून, "हात तुझा आहे गं. दुसरं कोण आवरणार?"

१४ एप्रिल
नोकरी सोडली. वहिनीला खरं ते सांगितलं. ती हसली. असलं काहीबाही सगळ्यांच्याच मनात येतं म्हणे. चिऊला एकटीला माझ्याकडे ठेवू नका म्हटलं— पुन्हा हसली.

१६ एप्रिल
दादा-वहिनी बाहेर गेलेत. चिऊला मी शेजारच्या काकूंकडे बसवून आले होते— पळून आली.

न्हाणीघरात नळ सुरू. मी खोलीत. आतून कडी.

काकूंना फोन केला. निघाल्या आहेत.

चिऊ दार वाजवते आहे. "आत्या, टब भरला! मला तरंगायला शिकव ना!"

जा म्हटलं. जात नाही. कडी माझ्याच बाजूला आहे—

उजवा हात लिहिण्यात गुंतवलाय. म्हणून लिहिते आहे. डावा कडीवर गेला— परत आणला— पुन्हा—

काकू, लवकर— नको, काकूंच्या भरवशावर नको. मीच. मीच तो मागे ओढ