दोनशे बारा तुकडे आणि एक काटा

कुरुंदा, बुधवार

चि. चिन्मय यास नीलांबरीमावशीचा आशीर्वाद.

तुझी पाठ आता बरी असेल असे धरून चालते. खुर्चीत वेडेवाकडे बसू नये हे मी तू सातवीत असल्यापासून सांगत आले आहे. माझी प्रकृती उत्तम. मी सचिव असलेल्या हळद उत्पादक कंपनीची मात्र बरी नाही, आणि तिचा वजनाचा प्रोग्राम दोन वर्षांपूर्वी तूच लिहिलास, म्हणून हे पत्र.

गेल्या आठवड्यात जुना वजनकाटा बिघडला, नवा आणला, आणि काट्यावरचा आकडा पावतीवर उमटेना. ऑफिसातल्या गुंजनने (इंजिनिअर आहे, कमी बोलते, म्हणून टिकली आहे) शोधून काढले की काट्याशी बोलणारा प्रोग्रामचा तुकडा तू बाहेरून तयार घेतला होतास. त्याचा मूळ कोड, म्हणजे उघडून वाचता येईल असा मजकूर, आपल्याकडे नाही आणि करणाऱ्यांनी दुकान बंद केले आहे. ज्या गावात हळदीची पूड कोणी विकत घेत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय पुढे बोलत नाही, त्या गावाला तू बंद पाकीट दिलेस. आकडा काट्यावरून थेट पावतीवर, मधे माणसाचा हात नाही, असा शब्द मी शेतकऱ्यांना दिला होता. आता मधे माझाच हात आहे. पावत्या मी लिहिते.

मी तातडीने ठराव केला की सर्व तयार तुकडे काढावेत आणि प्रत्येकाचा मूळ कोड आणून त्यापासून तुकडा इथेच बांधावा. गुंजन म्हणाली, काट्याचा तेवढा बदलू, बाकीचे चालू आहेत ते राहू द्या. मी ऐकले नाही. (ठराव टाईप झाला होता.) तुकडे निघाले दोनशे बारा. काल सकाळी कॉम्प्युटर ते बांधायला बसला. एक तुकडा दुसरा मागे, दुसरा तिसऱ्याची जुनी आवृत्ती मागे, तिसरा रुसून सगळेच थांबवी. शिरड शहापूरचे संतराम पोती घेऊन दारात बसले होते, दर तासाला आत डोकावत. दुपारी म्हणाले, "ताई, आमी हळद उकडली, वाळवली, पॉलिश करून घेऊन बी आलो. तुमची अजून शिजूनच राहिली व्हय?" शेवटी त्यांनी माझ्या हातची पावती घेतली, दोनदा वाचली, काट्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. बत्तीस वर्षे शाळेत शिकवले, असे माझ्याकडे कोणी पाहिले नव्हते.

शिवाय मी वाचल्याशिवाय सही करत नाही, म्हणून सगळा कोड छापायला सांगितला. कागदाचे चार रीम संपल्यावर प्रिंटरची वायर हरवली असे गुंजन सांगते. वायर तिच्या पर्समध्ये आहे. एकसष्ट पाने वाचून झाली. अर्धविराम फार आहेत.

सोमवारी विक्री सुरू होते. रविवारी इथे हजर राहावे. आईला म्हणावे, गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
नीलांबरीमावशी

ता. क. पान एकसष्टवर इंग्रजी अक्षरांत एक मराठी वाक्य सापडले: "हे का चालतं कळत नाही. हात लावू नये." अशा माणसाला कामावर कोण ठेवतो, असे मी विचारले. गुंजनने खाली बोट ठेवले. तिथे तुझे नाव होते.

दुसरा ता. क. ठराव बदलला आहे. काट्याचा तुकडा आपण नव्याने लिहायचा, मूळ कोडासकट आपला. उरलेले दोनशे अकरा होते तसे तयार. (ही कल्पना माझी, अशी नोंद आहे.) तू आल्यावर पहिली पोती संतरामांची तोलायची, पुन्हा, त्यांच्यासमोर.

तिसरा ता. क. येताना गोड्या मसाल्याची चार पाकिटे आण, नेहमीची, दळलेली. पिशवीत तळाशी ठेव.