पाच सवाष्णींची यादी

चामराजपेट, बंगळूर
ता. ४ एप्रिल १९६१

प्रिय वन्सं कस्तुराबाई यांस,
भागूचा ख्रिस्तात सप्रेम सलाम. वि. वि.

आधी गोड बातमी. आपल्या अलकाचं लग्न ठरलं. रत्नूने तुम्हाला कार्ड टाकलंच असेल, पण त्याचं कार्ड म्हणजे हेडक्लार्कचं कार्ड, तारीख, वेळ, खाली सही. म्हणून नातीची खबर आजीनेच लिहिलेली बरी. नवरामुलगा उपेंद्र, के. आर. पुरमकडच्या टेलिफोनच्या कारखान्यात इंजिनियर आहे. उंच आहे, दात सरळ आहेत आणि प्रार्थनेला डोळे मिटतो. हे मी मुद्दाम बघितलं. म्हणजे माझे उघडे होते, त्याची क्षमा मागून टाकली. माझ्या हातचे अनारसे पाच खाल्ले, सहावा अलकाने हिसकावून घेतला. मला इतका आनंद झालाय की आमच्या दूधवाल्या गंगव्वाला मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली की अज्जी, कालच सांगितलंत, पण सांगा. लग्न दहा मेला चर्चमध्ये, हळद आदल्या दिवशी घरी.

आता दुसरं. हे लिहिताना टाक कागदात रुततोय, तेव्हा समजून वाचा. परवाच्या शनिवारी सूनबाई, आपली नीला, हळदीची यादी करत बसली होती. मी शेजारी शेंगा फोडत होते. तिने पाच सवाष्णींची नावं वाचून दाखवली. दोन तर अशा, की ज्यांनी अलकाला कधी धड हाक मारलेली नाही. मी विचारलं की माझं नाव कितवं. नीलाने यादीची घडी घातली. मग हळूच म्हणाली की सासूबाई, तुम्ही आत स्वल्प आराम करा, कॉफीकडे लक्ष ठेवा, अलकाला मागाहून तुमच्या पाया पडायला आणू. मला आधी वाटलं, माझ्या गुडघ्यांची काळजी करते. चार शेंगा फोडून होईपर्यंत कळलंच नाही. मग कळलं. तुमचे दादा जाऊन तीन वर्षं झाली, म्हणून माझा हात हळदीला चालत नाही. ही पोर जन्मली तेव्हा पहिलं न्हाऊ याच हातांनी घातलं होतं.

आणि वन्सं, दुसऱ्या दिवशी ईस्टर. सगळे नवे कपडे घालून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले की प्रभू उठला आहे, मेलेल्यांचे देह उठणार आहेत, आणि कधी न संपणारं जीवन आहे. नीला माझ्याच शेजारी उभी राहून म्हणाली. रत्नू तर असा गरजला की पुढच्या बाकावरचं बाळ दचकलं. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. मला आपलं वाटायचं, हे सगळे म्हणतात ते खरं धरूनच म्हणतात. तुमचे दादा प्रभूपाशी जिवंत असतील तर मी अशुभ कशी झाले? आणि जिवंत नसतील, तर एवढं उभं राहून ओरडायचं कशाला, बसून म्हणावं.

सोमवारी मी पाळकसाहेबांकडे गेले. तरणे आहेत, चांगले आहेत, पण वाद आला की चष्मा पुसत बसतात. ते म्हणाले की आजी, हा सिद्धांताचा प्रश्न नाही, नुसती रीत आहे, लग्नघरात कशाला वाढवता. मी विचारलं की सिद्धांत रविवारी नेसायचा आणि रीत सोमवारी, असं आहे का. ते हसले आणि कॉफी मागवली. कॉफी चांगली होती, ते कबूल करते. पण मी उत्तर मागायला गेले होते.

तर तुम्ही रत्नूला आणि नीलाला एक सणसणीत पत्र लिहा. तीस वर्षं तुम्ही बायबल-बाई म्हणून बेळगावच्या खेडोपाडी फिरलात, बायकांना शास्त्र शिकवलंत. वचनांचे आकडे घालून लिहा म्हणजे त्यांना पळायला जागा राहणार नाही. रत्नू तुमचं ऐकतो. मला माझ्या नातीला हळद लावायची आहे. दुसरं काही मागत नाही.

बाकी क्षेम. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी,
भागू

ता. क. नीला तशी गुणी आहे. पण पत्र सणसणीतच लिहा.


बेळगाव
ता. १२ एप्रिल १९६१

प्रिय भागूवहिनीस,
कस्तुराचा सप्रेम सलाम. वि. वि.

अलकाची बातमी वाचून प्रभूचे उपकार मानले. नवऱ्यामुलाचे दात सरळ आहेत हे बरे झाले, कारण आपल्या घराण्यात ते कुणाचेच नाहीत.

तू म्हणतेस तसे पत्र लिहायला मी तीनदा बसले. तिन्ही वेळा चि. रत्नाकर एवढेच लिहून टाक खाली ठेवला. वहिनी, मला ते पत्र लिहिता येत नाही. का, ते कधी सांगणार नव्हते, पण आता न सांगणे खोटेपणाचे होईल.

अठरा सालच्या साथीत माझे कुंकू गेले आणि मी माहेरी आले, तेव्हा रत्नू तीन वर्षांचा होता. तू विषमज्वराने अंथरुणाला खिळलेली. तो आठ महिने माझ्या कुशीत निजला. नंतरही कितीतरी दिवस तो तुला वहिनी म्हणायचा, कारण मी म्हणत असे. एकोणचाळीस साली इथेच त्याचे लग्न झाले. हळदीच्या सकाळी मी न्हाऊन, होते त्यातले चांगले लुगडे नेसून माजघरात आले. तू माझ्या हातात कोठीच्या खोलीची किल्ली दिलीस आणि म्हणालीस, "वन्सं, वाईट वाटून घेऊ नका. आपण ख्रिस्ती झालो तरी लोकांचे डोळे ख्रिस्ती झालेले नाहीत."

मी कोठीत जाऊन शेंगांच्या पोत्यावर बसले. भिंतीपलीकडे बायकांची गाणी चालली होती. त्याच्या अंगावर पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि तो लहानपणी ओरडायचा तसाच ओरडला, गार आहे म्हणून. मी उठलेसुद्धा. तेवढ्यात कुणीतरी गूळ मागायला आले. मी गूळ दिला आणि पुन्हा बसले.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. तुझा एकुलता मुलगा, तू भ्यालेली होतीस. मी तेव्हाच क्षमा केली असे समजत होते. तुझे पत्र वाचून ते मी चुरगळले, म्हणजे थोडे काही उरले असावे. तेही आज प्रभूच्या पायांशी ठेवले आहे. पण नीलाला आकडे घालून पत्र लिहायचे, तर ते आधी बावीस वर्षे मागे पाठवावे लागेल.

गुडघ्यांना तिळाचे तेल चोळत जा. रागावलीस तरी लिही.

तुझी नणंद,
कस्तुरा


चामराजपेट, बंगळूर
ता. २४ एप्रिल १९६१

प्रिय वन्संना,
सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र मिळून आठ दिवस झाले. उत्तर दिलं नाही कारण मी फार रागावले होते. तुमच्यावर. बावीस वर्षं हे पोटात ठेवून दर नाताळला माझ्या हातच्या करंज्या खाल्ल्यात, आणि छान झाल्यात म्हणालात. तेव्हाच बोलला असतात तर मी तुमच्याशी कडाकडा भांडले असते आणि दोघी मोकळ्या झालो असतो. पहिले तीन दिवस मी मनात हेच भांडण करत होते. भांडी घासताना मोठ्याने. अलकाने विचारलं की आजी, कुणाशी बोलतेस. मी म्हटलं तुझ्या आत्याआजीशी.

चौथ्या दिवशी आठवायला बसले. किल्ली आठवली. ती सुतळीला बांधलेली होती. तुमचं लुगडं आठवलं, बारीक निळ्या काठाचं. तुमचा चेहरा काही केल्या आठवेना. मग कळलं, मी तेव्हा तो बघितलाच नव्हता. किल्ली दिली आणि पाठ फिरवली.

नीलाला विचारलं की तुला ही पाच सवाष्णींची रीत कुणी शिकवली. ती दूध तापत ठेवून माझ्याकडे वळली. मग म्हणाली की लग्न होऊन आठवडा झाला तेव्हा मीच तुम्हाला विचारलं होतं, आत्याबाई हळदीला कशा दिसल्या नाहीत. तुम्ही सांगितलंत की या घरात विधवा हळदीला हात लावत नाहीत. मी एकोणीस वर्षांची होते, ते लक्षात ठेवलं. एवढं बोलून ती रडायला लागली, मीही लागले, तिकडे दूध उतू गेलं. मी सगळ्या बंगळूरवर ओरडत फिरले, पाळकसाहेबांची कॉफी पिऊन वर त्यांनाच बोलले, आणि यादी शेवटी माझीच निघाली.

काल प्रभुभोजन होतं. सगळे पुढे गेले, मी बाकावर बसून राहिले. शास्त्रात सांगितलंय ना, देवापुढे आल्यावर आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावं. भाऊ म्हटलंय, पण नणंद त्यात येत असणार. बाहेर पडताना पाळकसाहेबांनी गुडघे दुखतात का म्हणून विचारलं. मी म्हटलं गुडघे ठीक आहेत, मी ठीक नाही.

वन्सं, मी चुकले. लोकांचे डोळे, असं मी तुम्हाला म्हणाले ते खोटं होतं. डोळे माझेच होते. मला क्षमा करा.

नीलाने यादी नवी केली. पहिलं नाव तुमचं. दुसरं माझं घालत होती, मी घालू दिलं नाही. या वेळी कोठीत मी बसणार. गूळही मीच देईन. मला तेच शोभतं. तुम्ही मात्र आठ तारखेच्या आत या.

आहे ती माया ठेवा. नसेल उरली तर नवी करा, पण या.

तुमची,
भागू


बेळगाव
ता. २९ एप्रिल १९६१

प्रिय वहिनीस, स. सलाम.

सोमवारी, आठ तारखेला सकाळच्या गाडीने येते. स्टेशनावर येऊन रडू नकोस, हमाल घाबरतात.

कोठीत बसण्याचे खूळ सोड. शिक्षा भोगली की क्षमा मिळते, असे मी तीस वर्षांत एकाही खेड्यातल्या बाईला शिकवले नाही. ती ज्याला भोगायची होती त्याने सर्वांसाठी एकदाच भोगली. तू त्यात आपले अर्धा दिवस कोठीत बसणे मिळवणार की काय? क्षमा केली आहे. ती घे आणि हळद लावायला उभी राहा. घ्यायला अवघड जाते, हे मला ठाऊक आहे.

तुझी,
कस्तुरा


चामराजपेट, बंगळूर
ता. १५ मे १९६१

प्रिय वन्संना,
सप्रेम सलाम. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कार्ड अजून नाही. आणि लाडवांचा डबा इथेच विसरून गेलात, हे काही बरं केलं नाहीत. रत्नू रोज दोन खातो.

तुम्ही आपलं काम उरकून गाडीत बसलात, इथे उत्तरं मला द्यावी लागतात. अजून बायका विचारतात की नवरी पाटावर बसलेली असताना तुमच्या नणंदबाई वाटी घेऊन तिच्यावरून पुढे कशा गेल्या, आणि दारात उभ्या असलेल्या नवरीच्या बापालाच आधी हळद का फासली. मी तर ओरडणारच होते की वन्सं, नवरी इकडे आहे. मग रत्नूकडे बघितलं. शेचाळीस वर्षांचा बाप्या, त्याने मुकाट्याने चष्मा काढला आणि मान खाली केली, तुमचा हात टकलापर्यंत पोचावा म्हणून. तुम्ही दोन्ही गालांना लावलीत, कानांच्या मागे लावलीत. गार आहे, असं तो म्हणाला ते मीही ऐकलं. मी ओरडले नाही. त्यानंतर तुम्ही अलकाला लावलीत आणि वाटी माझ्या हातात दिलीत. मी इतकी घाई केली की पोरीच्या नाकात हळद गेली आणि ती शिंकली. पण लावली, वन्सं. माझ्या नातीला मी हळद लावली.

दोघीजणी कॉफी न घेता निघून गेल्या, ते तुम्ही बघितलंच. यादीतल्या त्याच त्या दोघी. जाईनात का. काल चर्चमध्ये मी त्यांच्याच पुढच्या बाकावर बसले, आणि देह उठणार हे म्हणताना मागे वळून बघितलं. हे बरोबर केलं नाही, पण केलं. पाळकसाहेब हळदीला स्वतः आले नाहीत ना, पण जटक्याच्या घोडागाडीत बसवून आपल्या आईला पाठवलं होतं. तुम्ही पाय धुवायला गेला होतात तेव्हा त्या आल्या. नवरा गेल्यापासून पंधरा वर्षांत कुणाच्या हळदीला बाहेरच्या खोलीत बसलेल्या नाहीत म्हणे. बोट बुडवण्याआधी मला तीनदा विचारलं की खरंच चालेल ना. मला त्यांचा राग आला, मग त्यांच्या मुलाचा आला, मग वाटलं की आपण तोंड मिटावं, आणि वाटी पुढे केली. कालचं प्रभुभोजन मी घेतलं.

रत्नू शनिवारी कामावर गेला तो कानांच्या मागे पिवळाच. नीला म्हणत होती की साबणाने घासून काढा, त्याने ऐकलं नाही. ऑफिसात साहेबांनी थट्टा केली की लग्न मुलीचं आणि हळद बापाला, ही तुम्हा ख्रिस्ती लोकांची कुठली रीत. घरी येऊन त्याने हे आम्हाला सांगितलं, आणि साहेबांना काय उत्तर दिलं तेही. तो म्हणाला, "साहेब, ही माझ्याच लग्नातली आहे. आत्याच्या हातची राहिली होती."

तुमचीच, माया सोडू नका म्हणून भांडायला तयार असलेली,
भागू